तिसरा मजला, आमच्या मोजणीने

ती. ताईस सा. न.

आज सोमवार. दारू सोडून मला चोवीस दिवस झाले. ही बातमी मी देत नाही (माझ्या बातम्यांवर तुझा विश्वास उरलेला नाही, ठाऊक आहे), आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दिली आहे. रोज कामावर जाताना मी त्याच्या दुकानात शिरून दोन्ही हात पुढे करतो. तो त्यांवर कंगवा आडवा ठेवतो आणि गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता बघतो. आजही कंगवा पडला नाही. 'चल, नीघ,' म्हणाला. एवढंच त्याचं प्रमाणपत्र. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचं पथ्य ते पाळतात, की तू पाळतेस आणि ते बघतात? मी ठीक. पत्र अशासाठी की पत्राला वास येत नाही.

साहेबांनी मला लिफ्टदुरुस्तीवरून काढून टेबलावर बसवलं, हे तुला कळलं नसेल. (हात थरथरणारा माणूस आठव्या मजल्यावर दोराशी उभा करणं त्यांना बरं वाटेना. मलाही वाटत नव्हतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.) आता कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतून घंटी दाबतं, ती माझ्याकडे वाजते आणि मेकॅनिक पोचेपर्यंत मी त्या माणसाशी बोलत राहतो. घाबरू नका, माणूस निघालाय, जेवलात का, मुलं काय करतात. दिवसभरातलं माझं सगळं बोलणं अडकलेल्या माणसांशी. दार उघडलं की ते फोन ठेवतात (त्यात त्यांची चूक नाही). घरी गेल्यावर बोलायला फ्रिज आहे. तोही मधूनमधून गप्प होतो. अशातच दवाखान्याच्या भिंतीवर एक चिठ्ठी दिसली: दारू सोडायची आहे? शुक्रवारी संध्याकाळी सहा, जुनी शाळा, तिसरा मजला.

आता आमच्या धंद्यात तळमजला हा पहिला थांबा. तीस वर्षं मी तसंच मोजत आलोय. म्हणून तिसऱ्या थांब्यावर गेलो, जो बाकीच्या जगाचा दुसरा मजला. खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या, नऊ माणसं, सगळ्यांच्या कपाळाला घाम. म्हटलं, हीच ती. निवृत्त मुख्याध्यापिका वाटाव्यात अशा (आणि होत्याही) एक बाई म्हणाल्या, 'बोला, भिऊ नका, इथे सगळे तुमच्यासारखेच.' मी उभा राहिलो आणि पिण्यात गेलेल्या अठरा वर्षांचं सगळं सांगितलं. टाळ्या वाजल्या! ताई, माझ्यासाठी टाळ्या शेवटच्या वाजल्या त्या चौथीत, लिंबू-चमच्याच्या शर्यतीत (आणि तेव्हाही तू मागून ढकललं होतंस). बाईंनी वहीत लिहिलं: सुरुवात धीट, आवाज मोकळा, हातवारे जास्त, शेवट नाही. मला वाटलं, बरं करण्याची हीच पद्धत असेल. पुढचे तीन शुक्रवार गेलो. घरी आरशासमोर सराव करायचो. सरावाने घसा कोरडा पडायचा, म्हणून मध्ये दोन पेग घ्यायचो.

चौथ्या शुक्रवारी मला पहिलं बक्षीस मिळालं, एक पेन. विमा विकणारा एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाला, 'काका, दारुडा इतका हुबेहूब कसा काय जमतो हो तुम्हाला?' तेव्हा उलगडलं की तो सभेत बोलायची भीती घालवण्याचा वर्ग होता. बाईंनी चष्मा काढला. 'म्हणजे ते सगळं खरं होतं?' म्हणाल्या, आणि माझा दंड धरून स्वतः मला एक जिना वर घेऊन गेल्या. त्यांनाही गुडघ्यांचा त्रास आहे. प्रत्येक पायरीला मला तुझी आठवण झाली.

वर टाळ्या नव्हत्या. सहा माणसं, दहा खुर्च्या, बंद पडलेला पंखा, आणि खिडकीशी आमचा न्हावी. (वरच्या खोलीत कोण येतं ते बाहेर सांगायचं नसतं. हे तू वाचलं नाहीस.) मी माझं बक्षीसपात्र भाषण केलं, हातवारे कमी ठेवून. न्हावी म्हणाला, 'छान. आता खरं सांग.' मी बक्षिसाचं पेन खिशात ठेवलं. शेवटी म्हणालो, माझी ताई माझा फोन उचलत नाही, आणि खाली बसलो. शेजारी बसलेल्या एका बाईंनी खुर्ची थोडी जवळ ओढली.

का उचलत नाहीस, तेही मग सांगितलं. भावोजींच्या ऑपरेशनच्या दिवशी तू म्हणालीस, काही करू नकोस, नुसता शेजारी येऊन बस. मी ज्या अवस्थेत आलो, ती बघून रखवालदाराने मला बाहेर नेऊन बसवलं आणि तू आत चार तास एकटी होतीस. नंतर मी रोज संध्याकाळी माफी मागायला फोन केले, तेही पिऊनच. 'असा फोन पुन्हा करू नकोस,' म्हणालीस. बरोबरच म्हणालीस.

असो. मला तुझ्याकडून काही नको. फक्त खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. भावोजींना नमस्कार.

तुझा भाऊ

ता. क. : हे पत्र त्या बक्षिसाच्या पेनानेच लिहिलं आहे. परत द्यायला गेलो होतो, तर बाई म्हणाल्या, 'ठेवा. शेवट लिहायचा राहिलाय तुमचा.'

ता. क. २ : काही नको असं वर लिहिलं, ते खोटं आहे. वरच्या खोलीत एक कार्ड देतात. प्यावंसं वाटलं की आधी फोन करायचा, तो नंबर त्यावर लिहायचा. न्हावी म्हणाला, 'मी रोज दिसतोच, माझा नको.' मी तुझा लिहिलाय, तुला न विचारता. तू उपदेश करायचा नाहीस, रडायचं नाहीस. माणूस पोचेपर्यंत नुसतं बोलत राहायचं. जेवलास का, एवढं पुरतं. मी दिवसभर तेच करतो, अवघड नाही.

ता. क. ३ : शुक्रवारी सभा सातला सुटते. तू नंबर ओळखू नयेस म्हणून न्हाव्याच्या फोनवरून करायचं ठरवलं होतं. तो नाही म्हणाला. तेव्हा सव्वासातला माझ्याच फोनवरून करीन, आणि पूर्ण वाजू देईन.