बबनरावांच्या लेकीचं रुखवत

चकलांबा, ता. ६ एप्रिल २०२५

ती. दिपालीताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार रागातला हाय, पण हाय.

फोन कावून लागत न्हाई, असं तू लोकरीच्या पार्सलात चिठ्ठी घालून विचारलंस. फोन विहिरीत हाय. मीच टाकला. प्रियदर्शनीच्या साखरपुड्याचा फोटो पाहिला तेव्हा हातात फेकायला दुसरं काही नव्हतं. आबा म्हणतात, नवा पाहिजे तर त्याच विहिरीतून काढ.

अंबाजोगाईचं कॉलेज अर्ध्यावर सोडलं त्याचं कारणही हेच. तिच्या बापानं, आपल्या गावच्या पुढारी बबनरावांनी, तिला लग्नासाठी घरी नेलं. ती नसलेल्या वर्गात बसून मी काय फळा पाहू?

पण खरा जाळ पुढं हाय. बबनरावांच्या बायकोनं रुखवताची ऑर्डर दिली ती आपल्याच आईला. तोरण, रुमाल, लोकरीचे पोपट, सगळं. वर पाटी लागणार, ‘वधूची हस्तकला’. वधूला शर्टाचं बटण लावता येत न्हाई! आईचा उजवा हात प्लास्टरात, म्हणून क्रोशाची सुई आली माझ्या हातात. लहानपणी आईजवळ बसून शिकलो ते आजवर गावापासून लपवलं. आता दाराला कडी लावून तिच्याच लग्नाचे पोपट विणतोय.

पण मी पण बजरंग हाय. क्रोशाचं सगळं काम शेवटच्या टाक्यावर उभं असतं. तो पक्का केला न्हाई तर दोरा ओढला की ओळच्या ओळ सुटत जाते. मी एकूण एक वस्तूचा शेवटचा टाका मोकळा ठेवणार. बबनराव माइकवर लेकीचं कौतुक करत असतील अन् मागं पोपट उसवत जातील.

लोभ असू दे. पत्र दाजींना दाखवू नको, ते हसतात.
तुझा,
बजरंग

कडा, ता. ११ एप्रिल २०२५

चि. बजरंगास,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक डोक्यासाठी जास्तीचा.

पत्र दाजींना दाखवलं. हसले.

नवरदेव आमच्याच गल्लीतला, आदिनाथ. तुला वाईट वाटेल, पण पोरगा लई चांगला आहे. अन् मला एक सांग, प्रियदर्शनीला तू कधी काही बोललास तरी का? तिनं एकदा अकाउंटची वही मागितली, तू कव्हर घालून दिलीस, तिनं झेरॉक्स काढून परत केली. एवढ्याला प्रेम म्हणत असतील तर तिचं लग्न झेरॉक्सवाल्याशी व्हायला पाहिजे.

टाके मोकळे ठेवलेस तर फजिती कोणाची, बबनरावांची? ते दुसऱ्या दिवशी कुठंतरी सत्काराला उभे राहतील. फजिती त्या पोरीची, सासरच्या बायांसमोर, पहिल्याच दिवशी. अन् आईची. रुखवत विमलबाईंकडूनच घ्यायचं म्हणून गेवराईहून बाया येतात तिच्याकडं. त्यात इथं आदिनाथची चुलती आहे, रुक्मिणीबाई. गल्लीतल्या प्रत्येक सुनेचं रुखवत तिनं उलटं करून पाहिलंय. माझं तर चष्मा पुसून पाहिलं होतं. तेव्हा शहाणा हो.

हिरवी लोकर पाठवली आहे. पोपटांना पुरेल, तुझं तोंड लपवायला पुरणार नाही.
आईच्या हाताला जप.
तुझी ताई

चकलांबा, ता. २४ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज नमस्कार साधा.

ती आलती. आपल्या घरी! तुमच्या रुक्मिणीबाईनं निरोप धाडलाय की सुनेच्या हातचे चार टाके आम्ही मांडवात डोळ्यांनी पाहू. बबनरावांच्या घरात पळापळ. शिकवायला आईचा हात चालत न्हाई, म्हणून आईनं सरळ मला पुढं केलं. लाजेनं मरायचा राहिलो. पण ती हसली न्हाई. एवढंच म्हणाली की कॉलेजात हे कळलं असतं तर तुझं काही खरं नव्हतं.

आठवडाभर येत होती. सुई अशी धरते जसं उलथणं. एकच ओळ शिकली, तोरणाची सगळ्यात खालची: तीन खांब, एक साखळी. त्यापुढं गाडी जात न्हाई. मधूनमधून आदिनाथचं कौतुक. त्याला म्हणे पोहता येतं. ताई, पोहता तर म्हशीला पण येतं.

परवा तिनं तोरणाचं टोक पाहिलं अन् विचारलं, हा टाका मोकळा कसा. मी थाप मारली की धुतल्यावर बंद करतात. तिनं मोकळा दोरा जरासा ओढून पाहिला अन् म्हणाली की युक्ती चांगली हाय. तिला कळलं, ताई. ती गेल्यावर मी सगळे टाके ओढून पक्के केले. आईच्या नावासाठी केले, दुसरं काही समजू नको.

लग्न तुमच्या कड्यातच हाय, पण मी येणार न्हाई. त्या दिवशी माझं पोट दुखणार हाय.
माया कमी करू नको.
तुझा,
बजरंग

कडा, ता. १२ मे २०२५

चि. बजरंगास,
आशीर्वाद. काल मांडवात तुला मनातल्या मनात लई शिव्या दिल्या, त्या आज परत घेते.

बबनरावांनी माइकवर सांगितलं की लेकीनं अभ्यास सांभाळून हे सगळं विणलं. तेवढ्यात रुक्मिणीबाईनं तोरण उलटं केलं, टोक धरलं अन् ओढलं. खालची ओळ सरसर सुटली. बायांनी तोंडाला पदर लावले. माइक हातात असताना बबनराव गप्प, हे जिल्ह्यानं पहिल्यांदा पाहिलं.

प्रियदर्शनी मात्र शालू सावरत खाली बसली अन् पर्समधून क्रोशाची सुई काढली. अरे, नवरीच्या पर्समध्ये सुई? तीन खांब, एक साखळी करत ओळ पुरी केली, टाका पक्का केला अन् तोरण चुलतसासूच्या हातात दिलं. रुक्मिणीबाई सगळ्यांदेखत म्हणाली की आमच्या गल्लीत पहिल्यांदा हातात खरी कला असलेली सून आली. मी शेजारीच उभी होते, बरं का.

नंतर साडी बदलताना प्रियदर्शनीनं मला सांगितलं. तू सगळे टाके पक्के केलेच होतेस. तोरणाचा तेवढा तिनंच कात्रीनं उसवला. चुलती दोरा ओढून बघते, हे आदिनाथनं तिला आधीच सांगितलं होतं. तिला विणता येते ती एकच ओळ, म्हणून तीच सुटायला पाहिजे होती. डोकं तुझं, वापरलं तिनं.

पण आता ती अडकली. रुक्मिणीबाईनं फर्मान काढलंय की नागपंचमीच्या आत देव्हाऱ्याला मोरांचा पडदा विणून पाहिजे. प्रियदर्शनीनं तुझं नाव घेऊन निरोप दिलाय की त्याच्याशिवाय मला कोणी वाली नाही. गुपचूप विणून पार्सलात पाठव. तुझ्या पोटाला उतार पडला असेल तर.
तुझी ताई

चकलांबा, ता. १६ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिला सांग, जमणार न्हाई. मी काय बबनरावांच्या घरचा गडी हाय? लग्न दुसऱ्याशी करायचं अन् मोर माझ्याकडून विणून घ्यायचे! आता सुईला हात लावला तर नाव बदलीन. आईला पण तसं बजावून सांगितलंय.

एकच विचारायचं हाय. तू लिहिलंस की तिनं माझं नाव घेऊन निरोप दिला. नुसतं बजरंग म्हणाली, का पुढं दादा लावलं? तू मुद्दामच लिहिलं न्हाईस, मी ओळखतो तुला. नुसतं बजरंग म्हणाली असेल तर निळी लोकर धाड, मोरासाठी लागते ती गडद. दादा म्हणाली असेल तरी धाड. फक्त मला कळवू नको.

दाजींना हसू दे. तू हसू नको.
तुझा,
बजरंग