खोटी पाळी

२ फेब्रु.
आज परत बाजूला बसले. खोटंच. पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं, पण ह्यांना कुठं माहीत. बाहेरच्या खोलीत चटई, वेगळं ताट. देवाला दिवा ह्यांनी लावला, पिठलंही ह्यांनीच केलं. खारट. गप खाल्लं.
लाज वाटते, पण काय करू. हे जवळ आले की आत काच लागल्यासारखं होतं. बावन्नाव्या वर्षी हे कुणाला सांगायचं? माणूस वाईट नाही, तीच तर पंचाईत. वाईट असता तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

१४ फेब्रु.
महिन्यात दुसऱ्यांदा बसले. काल ह्यांनी नुसता हात धरला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "शिवू नका, बसलीय मी."
"आत्ता तर झालती की गं." हे बघतच राहिले. मग साडी विणायला मागावर गेले. माझं चुकलंच, दिवस तरी मोजायचे होते.

१६ फेब्रु.
घोळ झाला. ह्यांनी चिकोडीला आक्कांना फोन लावला. नणंद माझी, स्वतःची पिशवी काढून बसलेली. त्या लगेच, "पंधरा दिसांनी जातंय म्हंजे पिशवीचंच. काढून टाक म्हणावं, मी सुटलो, ती बी सुटंल." आता माझी धडधाकट पिशवी काढायला भाऊ-बहीण निघालेत. कपाळ माझं.
हे मात्र खरंच घाबरलेत. नीट जेवले नाहीत. मागावरची साडी अर्धी सोडून गुरुवारी दवाखान्यात जायचं ठरवून आले.

१९ फेब्रु.
हे बाहेर बाकावर, आत मी एकटी. डॉ.बाईंनी विचारलं, शेवटची पाळी कधी? खोटं बोलायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. तपासलं. पिशवीला काही झालेलं नाही. पाळी गेल्यावर आतली जागा कोरडी, नाजूक होते, पुष्कळ जणींना होतं, औषध आहे म्हणाल्या. आत लावायचं मलम, दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. जवळ यायच्या वेळी जेल वेगळं. आणि जरा दरडावूनच, "पाळी गेल्यावर खरंच रक्त दिसलं तर लगेच यायचं. तेव्हा लपवायचं नाही."
सव्वा वर्ष चटईवर काढलं, आणि साधं मलम होतं. स्वतःचाच राग आला.
बाहेर हे उभेच. "काढायची काय?" नाही म्हटलं. पुढचं बसमध्ये कसं सांगणार...

२० फेब्रु.
सांगितलं. सकाळी हे मागासाठी सुताच्या कांड्या भरत होते तेव्हा, पाठीमागनं, तोंड न बघता. ह्यांचा हात थांबला.
"म्हंजे वरीसभर तू..."
"व्हय."
"मी काय वाघ हाय काय गं? दुखतंय म्हणाली असतीस तर खाल्लं असतं तुला?"
दिवसभर बोलले नाहीत. जेवताना एवढंच, "मला वाटलं, मीच नकोसा झालो तुला."

१ मार्च
अजून घुम्मच. पण रोज विचारतात, "मलम लावलंस?" भिंतीकडं बघून. चटई गुंडाळून माळ्यावर टाकली, तीही ह्यांनीच.

२२ मार्च
दुपारी करंट गेला, गल्लीतले सगळे माग गप्प. हे आत आले, कडी लावली.
"दुखलं तर सांगशील? खरं?"
सांगीन म्हटलं.
दुखलं. थोडंच, पूर्वीच्या पावपट. पण सांगितलं, आणि हे थांबले. रागावले नाहीत, उठून गेले नाहीत. हात धरून तसेच पडून राहिलो. किती दिवसांनी ह्यांच्या एवढी जवळ. बरं वाटलं. लिहितेच, लई बरं वाटलं.
"होऊ दे सावकाश," हे म्हणाले.
"लई सावकाश पण नको," म्हटलं. हसले.
करंट आला तरी उठले नाहीत.