डोहातल्या लाल अळ्या

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्या प्रयोगशाळेत मी शिकवते. मुली मला मॅडम म्हणतात; बाई म्हटलं की अजूनही तुम्हीच. दुसऱ्या वर्षाला तापीच्या गाळातली लाल अळी मी काचपट्टीवर घेतली होती आणि तिच्या तोंडाखालच्या दातेरी पट्टीचं चित्र मात्र पुस्तकातून उतरवलं होतं. तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावता, वही बघता, पुन्हा डोळा लावता. "हिचा मधला दात कुठंय गं? वाळू खरवडून झिजलाय. तू पुस्तकातल्या अळीचे दात मोजलेस, ही तशीच राहिली." सगळ्या वर्गासमोर. घरी जाऊन मी जेवले नाही.

यंदा उन्हाळ्यात कोरीट गावाकडच्या एका वस्तीवरून सरपंचबाईंचा फोन आला. नदी आटून एकच डोह उरलेला, त्यात लाल अळ्या वळवळत होत्या. "ताई, ह्या किडास्मुळे पोरेस्ले ताप ई ऱ्हायना. आज दवाई टाकी देऊत." पोरं तापाने फणफणलेली, म्हणून आजच डोहात औषध टाकायचं म्हणत होत्या; त्याच डोहावर गुरं पाणी पितात. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, मी येते. गाळ आणला, अळ्यांची डोकी उलटी, खालची बाजू वर करून काचेवर बसवली. बहुतेकींचे मधले दात झिजलेले. जात ओळखायला कडेचे मोजले, शंका आली तिथे दुसरी अळी घेतली, मान अवघडली तरी उठले नाही. न चावणाऱ्या चिलटांच्याच अळ्या होत्या, सगळ्या.

वस्तीवर जाऊन पांढऱ्या ताटलीत डोहाचं पाणी आणि अळ्या घेऊन मी लोकांना दाखवलं, की या तळाशी गाळात राहतात आणि मोठ्या झाल्या तरी कुणाला चावत नाहीत. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "मंग ताप कसाना शे?" ताप कशाचा, हे डोहातल्या अळ्यांवरून कळणार नव्हतं. परत फिरता आलं असतं. पण मी ताटली घेऊन घरोघर हिंडले, रांजण, टाक्या, गुरांची कुंडी, सगळं पाहिलं. डासांच्या अळ्या सापडल्या एका उघड्या पिंपात, पाण्याच्या वरच्या थराला डोकं खाली करून लटकलेल्या. पिंप सरपंचबाईंचंच. "मन्हाच दारमा!" एवढंच म्हणाल्या, आणि पदर खोचून स्वतः ते आडवं केलं. मग बाकीच्या बायाही आपापली पिंपं बघायला गेल्या. डोहात औषध पडलं नाही. तापाचं कारण तेच होतं असं मी छातीठोक सांगत नाही. आरोग्य केंद्रातून रक्त तपासायला माणसं बोलावली आहेत, आणि दर आठवड्याला मी जाते. जाणारच आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तरी खरं लिहिते. तुम्ही शेवटच्या आजारात दवाखान्यात होता तेव्हा परीक्षा आहे, भेटायला येता येणार नाही, असं मी कळवलं होतं. परीक्षा नव्हती. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले होते, बाई, आणि तिथूनच परत गेले.