जांभळाची वळलेली पानं

मंगळवार, माघ. दिवेलागण.

पानं वळली आहेत. आज अगदी जवळ जाऊन पाहिलं. करपलेली नाहीत, शेंड्याची कोवळी पानं आत गुंडाळल्यासारखी झालीत. अशी ती कशानं वळतात, हे मला चांगलं माहीत आहे.

मागच्या वर्षी अण्णा, माझे वडील, गेले तेव्हा त्यांची रक्षा नदीत सोडायची नाही, असं आम्ही ठरवलं. ओढ्याकाठी खड्डा घेऊन त्यात टाकली, वर हे जांभूळ लावलं. काठाला झाडं असली की रानातलं औषध ओढ्यात उतरत नाही, असं ग्रामसभेत उभं राहून सांगणारा मीच. मीच! आणि उसात तणनाशक मारून झालं की फवारणीचा पंप मी कुठं धुतो? जांभळाच्या जरा वर, ओढ्यातच. सगळेच धुतात. पण सगळ्यांचे अण्णा काठावर नाहीत.

आई रोज संध्याकाळी ओढ्यातून कळशी भरून झाडाला घालते. आज म्हणाली, "पानं का रं अशी वळली? पानी कमी पडतंय का काय?"

"थंडीनं असंल," मी म्हणालो. किती पटकन आलं तोंडात!

तिनं आणखी एक कळशी आणून ओतली. तळाशी राहिलेलं ओंजळीत घेऊन, रोजच्यासारखी, प्यायली.

"त्यांचं झालं, मग माझं," म्हणाली.

मी बघत उभा. वळलेल्या पानांकडेच बघत होतो.

पंप दुपारीच धुतला होता.