कडूबा भाऊजी आणि बिनचुलीचा जंतू

धामणगाव बढे

चि. सौ. समीक्षा हिला आईचे पोटभर आशीर्वाद.

तू आणि हर्षल तिकडे प्रागमध्ये सुखरूप असाल, अंगावर गरम कपडे असतील आणि नाकं वाहत नसतील, असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. गुडघा दुखतो, पण तो तू इथे असतानाही दुखायचा, त्यामुळे त्याचं श्रेय तुला देता येत नाही. (हर्षल तिकडे भाजी चिरतो असं शेजारची पुष्पांजली सांगत होती. माझ्या घरात त्यानं कधी पाण्याचा तांब्या भरला नाही. खरं असेल तर फोटो पाठव.)

आता झालेला घोटाळा सांगते. विज्ञान दिनाच्या आधी शाळेच्या प्रतिमा मॅडम घरी आल्या आणि म्हणाल्या, सूनबाई नाहीत तर त्यांच्या संशोधनावर तुम्हीच बोला. मी जन्मभर चौथीला मराठी शिकवलं. पण तुझं नाव निघालं की मला नाही म्हणवत नाही. शिवाय जाण्याआधी शेंगा सोलता सोलता तू मला सगळं समजावलं होतंस, ते मी तसंच्या तसं सांगितलं. रेशमाच्या अळीत राहणारा एक जंतू. त्याच्या पूर्वजांच्या पेशीत मायटोकाँड्रिया नावाची चूल होती, अन्नापासून ताकद तयार करणारी. मग तो दुसऱ्याच्या पेशीत राहायला गेला. तिथे तयार ताकद आयती मिळू लागली, तशी पिढ्यानपिढ्या चूल आक्रसत गेली, तिला लागणारी जनुकं गळून पडली, आणि आता चुलीच्या जागी एक इवलीशी पिशवी उरली आहे, जिच्यातून ताकद निघत नाही. इथवर ठीक होतं. पण पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. म्हटलं, जो आयतं खातो त्याची आधी चूल जाते, मग अक्कल जाते, आणि गेलेली त्याला कळतही नाही! (हे शेवटचं तू सांगितलेलं नव्हतंस.)

पहिल्या रांगेत कडूबा भाऊजी बसले होते.

तुला ठाऊकच आहे, तुझे हे चुलत सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांच्या धाड गावाहून आठ दिवस म्हणून आले, ते तुम्ही गेलात तरी इथेच होते. घरी आल्यावर त्यांनी गुपचूप पिशवी भरली. "वहिनी, सरळ बांडगूळ म्हना ना. त्या जंतूचं नाव काऊन घेता?"

मी म्हटलं, "भाऊजी, तो अळीच्या पोटात राहतो."

"मंग मी कोनाच्या पोटात राह्यलो?" म्हणाले, आणि चहा न घेता एसटीला गेले.

पहिला दिवस मजेत गेला. टीव्हीचा रिमोट माझा, वर्तमानपत्र माझं. पुढे मात्र घर खायला उठलं. तुम्ही दोघं गेलात तेव्हा निदान जेवताना "मीठ कमी हाय" म्हणणारं कुणीतरी होतं. आता मीठ खरंच कमी पडलं तरी मला कळेना. एका माणसाचं वरण लावायचं म्हणजे कुकरचीही चेष्टाच. तुझं ताट फळीवर उभं असतं, ते मी उगाच घासून परत ठेवते. (धूळ बसते म्हणून.)

शेवटी बुलढाण्याला गाडी बदलून, पुढे जीपमध्ये एका बाईच्या बोकडाची दोरी धरून, मी धाडला पोचले. गाडीत माफीची वाक्यं पाठ केली होती. भाऊजी गॅससमोर उभे, चष्मा कपाळावर.

"काऊन आल्या?"

पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "भूक लागली."

त्यांनी ताट वाढलं. पिठल्यात एक गुठळी नाही, भाकरी अशी गोल की माझीही लाजेल. मग मला आठवलं, चांगुणा जाऊबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा याच माणसानं वर्षानुवर्षं त्यांना रांधून भरवलं होतं. मी पाहत राहिले तसे म्हणाले, "येतं मले सगळं. पन एकट्यासाठी भाकर थापाले हात नाही उठत, वहिनी."

समीक्षा, तू गेल्यापासून मला कुणी वाढलं नव्हतं. मी वाढते, मीच घेते, मीच उचलते.

"तुमी जेवून राह्यल्या का रडून राह्यल्या?"

म्हटलं, ठेचा तिखट आहे. (ठेचा वाढलाच नव्हता.)

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परत आलो. संध्याकाळचा स्वयंपाक आता त्यांचा, आणि मीठ कमी आहे असं म्हणायचा हक्क माझा. तेव्हा आमची काळजी करू नकोस. मला तुझी आठवण वगैरे येत नाही, वेळच नसतो.

तुझी,
आई (सरस्वतीबाई)

ता. क. माणूस त्या जंतूंत मोडत नाही, असा एक निरोप भाऊजींना पाठव. माझ्यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही.

ता. क. आणखी एक वर्ष थांबू का, असं तू विचारलं होतंस. थांब. काम अर्धवट टाकून आलीस तर दार उघडणार नाही.

ता. क. तुझ्या दुपारच्या जेवणाला इकडे माझ्या चहाची वेळ होते. जेवताना फोन ताटासमोर उभा करून ठेवशील का? बोलू नकोस, तोंडात घास असताना बोलू नये. मी नुसती बसेन.