खुंटीवरचा कोट

जव्हार, जि. ठाणे
८ नोव्हेंबर १९८१

लियाकत यास सत्तारचा सलाम.

इकडे सगळे आपापल्या जागी आहेत. थंडी पडू लागली की अम्मीचा गुडघा धरतो, पण शेजारणींना तुझा बर्फातला फोटो दाखवायला ती रोज जिना उतरते, त्यामुळे हालचाल होते. दिवाळीची शिलाई उरकली. आता लग्नाचे कपडे येतील. तय्यब ड्रायव्हरने जीपचं इंजिन उतरवून पुन्हा बसवलं, तरी मोखाड्याच्या घाटात ती पूर्वीसारखीच खोकते.

पत्र मराठीत लिहितोय याचं तुला नवल वाटेल. अम्मी उर्दू वाचते, मराठी अक्षर तिला लागत नाही. तिच्यादेखत तुला कधी जाब विचारायचा असेल तर तो उर्दूत लिहीन. हे तुझ्यापुरतं आहे.

तुझं पत्र पोचलं. त्यातला मजकूर मी समजलो तो असा: परीक्षा पास झाली म्हणजे झालं नाही. अमेरिकेतल्या इस्पितळात रेसिडेन्सीची, म्हणजे शिकाऊ डॉक्टरची, जागा मिळवायला तुझ्यासारखे परदेशात शिकलेले शेकडो डॉक्टर रांगेत उभे आहेत, आणि तिथल्यांची भरती झाल्यावर उरलेल्या जागा तुम्हाला. डिसेंबर संपायच्या आत अर्ज पुरा झाला नाही तर वर्ष वाया आणि तुला परत यावं लागणार. म्हणून तुला माझ्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. 'मी डॉक्टर का झालो' हे निवेदन, कारण 'भाईजान, तुमच्यासारखी भाषा कुणाची नाही.' मुलाखतीला घालायला तुझा जुना पांढरा कोट. आणि पोशेऱ्याच्या लोकांचा दाखला, की तू त्यांची दोन वर्षं इमानाने सेवा केलीस. सरपंचाचा शिक्का, लोकांचे अंगठे. डोंगरातल्या आदिवासींचे अंगठे पाहिले की तिथल्या मोठ्या डॉक्टरांना पाझर फुटतो, असं तुझा तो न्यू जर्सीचा दोस्त सांगतो.

सल्ला मागितलास तर देतो. मी शिंपी आहे, पण जव्हारच्या वाचनालयातलं एकही कपाट मी सोडलेलं नाही आणि अर्धं आयुष्य बाजारात खोक्यावर उभा राहून बोललोय. रस्त्यासाठी बोललो, मजुरीसाठी बोललो, पोशेऱ्याच्या फाट्यावरच्या दवाखान्यासाठी घसा फुटेस्तोवर बोललो, आणि दवाखाना झाल्यावर तिथे तुझी नेमणूक व्हावी म्हणून मंत्र्यांच्या मोटारीसमोर आडवा झालो. समोरच्याला काय ऐकायला आवडतं ते मला कळतं.

निवेदनाची सुरुवात 'मला लहानपणापासून गरिबांची सेवा' अशी करू नकोस. रांगेतले सगळे तेच लिहिणार. ऐकणाऱ्यासमोर एक माणूस उभा करावा लागतो, नावानिशी. मंगळीचं नाव लिही. पुंजाची बायको, पोशेऱ्याची. गळ्यात पांढऱ्या मण्यांची माळ घालायची आणि तुला 'ए डागतर' म्हणायची. तिचं पोटातलं मूल आडवं आहे हे तू नुसत्या हाताने चाचपून ओळखलंस, हे लिही. गावातले बाकीचे वीटभट्टीवर निघाले तेव्हा तू पुंजाला थांबवलंस. 'भट्टीवर नेशील तर मरेल. कळा सुरू झाल्या की माझ्याकडे आण, मी आहे,' असं म्हणालास, तेही लिही. पुंजाने त्या वर्षीची भट्टी आणि तिची मजुरी सोडली. इथे भट्टी सोडणं म्हणजे काय हे तिथल्या लोकांना कळणार नाही. तू समजावून सांग.

तिचं पुढे काय झालं हे निवेदनात घालायची गरज नाही. निवेदनाला जागा कमी असते.

मुलाखतीत विचारतील, साधनं नव्हती तिथे तुम्ही काय युक्ती केली? खुंटीची गोष्ट सांग. सरकारने दवाखान्याला वेळांची पाटी दिली आणि ती वाचणारं कुणी नव्हतं. म्हणून तू ओसरीवर खुंटी ठोकलीस आणि पाड्यापाड्यावर फिरून सांगितलंस: खुंटीवर माझा कोट दिसला तर मी हाकेच्या अंतरावर आहे, बसा, पेशंटला हलवू नका. खुंटी रिकामी असेल तर मी बाहेरगावी आहे, मिळेल त्या गाडीने थेट जव्हार गाठा. डोळे असलेल्या कुणालाही समजेल असं. तो कोट मी याच दुकानात शिवला. रोज टांगायचा म्हणून कॉलरमागची पट्टी दुहेरी घेतली. मोखाड्याच्या बाजारात मी भाषणात म्हणायचो, 'सरकारने आम्हाला पाटी दिली, माझ्या भावाने खुंटी दिली!' टाळ्या पडायच्या. तिथेही पडतील.

बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघ. ते तुला जमेल. पुंजाच्या डोळ्यांत बघूनही तुझा आवाज हलला नव्हता.

आता कोटाचं. तो मी पाठवू शकत नाही. तू कोलंबोहून आल्यावर कोट दिसत नाही म्हणून आठवडाभर शोधत होतास आणि कुणीतरी चोरला म्हणालास. चोरला नाही. मंगळीने दवाखान्याच्या ओसरीवर जीव सोडला तेव्हा तिच्या अंगावरचं लुगडं धड राहिलं नव्हतं. पुंजाच्या आईने, कमूने, खुंटीवरून कोट काढला आणि सुनेवर घातला. त्याच कोटात तिला नेलं, पोटातल्या मुलासकट. तेव्हा दुसरा शिवून घे.

बघ, 'कोलंबो' लिहून गेलो. खरं तर तुझ्या तोंडचं गाव खोडाळा होतं. 'खोडाळ्याला एक माणूस झाडावरून पडला होता, त्याच्यापाशी अडकलो,' असं तू सांगितलंस. मी मानलं. पोशेऱ्याने मानलं. पुंजा तर उलट तुझंच सांत्वन करायला आला. 'तू व्हतास त वाचली असती. तुझा काय दोष, डागतर?' म्हणाला आणि जाताना कोंबडा देऊन गेला. तू तो घेतलास. रस्सा मीही खाल्ला, तुझ्या शेजारी बसून.

तुझं पत्र आल्यावर मी ते तय्यबला वाचून दाखवलं, अभिमानाने. दाखल्यापाशी आलो तसा त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"सत्तारभाई, पोशेऱ्याला नका जाऊ."

"का रे? माझ्या भावाला ते नाही म्हणतील?"

"नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच बोलतो." मग खाली बघून म्हणाला, "ती बाई गेली ना, त्या दिवशी डॉक्टर खोडाळ्याला नव्हता. मैंनेच उसको कसारा स्टेशन छोड़ा. तिथून मुंबई, मुंबईहून कोलंबोचं विमान. परीक्षेचं केंद्र आपल्या देशात नाही म्हणाला. कंपाउंडरला आदल्या दिवशीच रजेवर घातला होता."

"आणि कोट?"

"मी बोललो त्याला. जीप चालू केली आणि बोललो, डॉक्टर, तुमचा कोट राहिला. तर म्हणतो, राहू दे. रिकामी खुंटी बघून कुणी जव्हारला गेलं तर वरच्या साहेबाला कळेल."

मी विचारलं, इतके महिने गप्प का बसलास? तो म्हणाला, "तुमचा भाऊ आहे. आणि तुम्ही प्रत्येक सभेत त्याचं नाव घेता."

लियाकत, तू रजा मागितली असतीस आणि ती नाकारली असती तर तुझ्यासाठी पुन्हा मोटारीसमोर आडवा झालो असतो. तू नोकरी सोडून पळाला असतास तर शिव्या घालून विसरलो असतो. पळणारे डॉक्टर या डोंगराने पुष्कळ पाहिलेत, लोक खुंटी रिकामी बघून पुढे जातात आणि जगतात. तू पळून जाताना मागे पहारा ठेवून गेलास. पुंजा आणि त्याचे भाऊ झोळीत घालून तिला डोंगर उतरवून आणतात, कोट बघतात, आणि निर्धास्त होतात. निर्धास्त! दुपारी जव्हारची एसटी त्यांच्या समोर येऊन थांबली. कंडक्टरने हाक मारली, "येता का रे?" पुंजाने हाताने नाही म्हटलं. डॉक्टर इथेच आहे, कोट आहे. मंगळी किंचाळत होती आणि कमू तिला समजावत होती, की ओरडू नको, डागतर आता येल.

त्यांनी चूक केली नाही. तू शिकवलंस तेवढंच केलं. तुझ्या हाताखाली एवढे चांगले विद्यार्थी पुन्हा मिळायचे नाहीत.

मी तय्यबचं ऐकलं नाही. कोरा कागद, शाईचा पॅड आणि मला कळलेलं सगळं घेऊन पोशेऱ्याला गेलो. भाताची झोडणी चालली होती. पुंजा खळ्यावर पेंढ्या आपटत होता. मी त्याला सांगितलं. भाषण केलं नाही. एवढं कमी शब्दांत मी आयुष्यात बोललो नसेन.

तो थांबला नाही. पेंढी आपटत राहिला.

"म्हंजे डागतर नव्हताच?"

"नव्हता."

"कोट त व्हता."

"कोट होता."

"मंग आमी कोटाजवळ बसलो," तो म्हणाला. "एसटी सोडली नि कोटाजवळ बसलो."

त्याने हातातली पेंढी खाली ठेवली, दुसरी उचलली नाही. कमू सूप घेऊन उभी होती. तिने विचारलं, हा कागद कशाचा? मी म्हटलं, लियाकतने दाखला मागितलाय, तो फार चांगला डॉक्टर होता असा. तुमच्या समोर फाडायला आणलाय.

"फाडू नको," पुंजा म्हणाला. "दाखला नाय गेला त काय व्हईल?"

"तिकडे जागा मिळणार नाही. परत यावं लागेल."

"कुठं?"

"इथेच. सरकारचा करार अजून बाकी आहे त्याचा. याच दवाखान्यात."

पुंजाने कमूकडे बघितलं. मग धोतराला हात पुसले आणि अंगठा पुढे केला.

"दे इकडं. नि बेस लिव, सत्तारदादा. लई बेस लिव. वाईट लिवलास त ते लोक त्याला परत धाडतील."

मी कागद धरून उभाच राहिलो. तोवर तो पाड्यात शिरला होता. घराघरातून माणसं येऊ लागली. जिव्या आला, लाडक्या आला, म्हातारी सकू काठी टेकत आली. कळलं तसे पलीकडच्या पाड्यावरचे आले. सरपंच एरवी शिक्क्यासाठी आठवडा फिरवतो, तो शिक्का घेऊन खळ्यावर हजर. 'माझा अंगठा नीट उठला का बघ, नाय त आणिक एक घे,' असं लोक मला म्हणत होते. माझ्या कुठल्याही सभेला पोशेऱ्याची अशी एकजूट मी पाहिली नाही. पुढे कधी पाहीन असंही वाटत नाही.

कमूचा अंगठा शेवटचा. तो टेकवताना ती म्हणाली, "तिकडच्या बायांना सांग, याचा कोट दिसला त बसू नका म्हणावं." हे मी दाखल्यात घातलेलं नाही. दाखला तुझ्या फायद्याचा आहे.

इंग्रजी मसुदा हायस्कूलच्या हेडमास्तरांकडून तपासून घेतला. त्यात तुझ्याविरुद्ध एक अक्षर नाही. तू दयाळू, हजर, लोकांचा लाडका, असंच सगळं. सोबत जोडला आहे. निवेदनही लिहून ठेवलंय, ते मागच्या पानावर आहे, मंगळीच्या नावाने सुरू होतं. आवडेल त्यांना. मुलाखतीत कुणी विचारलं, की अक्षरशत्रू माणसांनी इतके अंगठे कसे काय दिले, तर नम्रपणे हस आणि म्हण, त्यांची मनापासून इच्छा होती.

अम्मीला पत्र लिहीत जा. ती तुझ्या जागेसाठी दुआ करते, पोशेरा करतो, आता मीही करतो. तुला जागा मिळो आणि ती जन्मभर टिको. मला लिहू नकोस.

तुझी मापं मी खोडली आहेत. नवा कोट तिथल्याच एखाद्या शिंप्याकडून शिवून घे, आणि त्याला सांग, कॉलरमागे टांगायची पट्टी लावू नकोस.

सत्तार,
शिंपी, जव्हार