महालक्ष्म्यांपुढचं उलटं चाक

सौंसर, भाद्रपद

तीर्थस्वरूप सौ. उषाताईस,

धाकट्या दत्तूचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (मालिश तू बंद केली असणारच, म्हणून ते विचारत नाही.) भाऊजी, सूनबाई, पांढुर्ण्याचा बगीचा, सगळं खुशाल असेल असं धरून चालतो. दुरुस्तीला म्हणून मी नेलेल्या फवारणीच्या पंपाबद्दल भाऊजींचे वरचेवर निरोप येतात, त्याचं सविस्तर उत्तर पत्राच्या शेवटी देतो. आधी यंदाच्या महालक्ष्म्यांचं ऐक. तुला येता आलं नाही, आणि तिकडे जे काही पोचलं असेल ते आमच्या शेजारच्या मनोहर गुरुजींनी पोचवलं असणार, म्हणजे त्यातलं निम्मं सोडून दे.

आपली शिवानी नागपुरात जंतूंवर पीएच.डी. करते हे तुला ठाऊकच आहे. (साऱ्या सौंसरला ठाऊक आहे, ती व्यवस्था मी केली आहे.) श्रावणात तिचा फोन आला. "बाबा, सोडून देतो मी हे. परीक्षकांसमोर बोलाचे दिवस जवळ आले अन् मी काय करून राहिली ते कोणालेच समजावता येत नाही मले." आणि रडली. ताई, विजेच्या खात्यात जन्म काढला, भर उन्हात खांबांवर चढलो, पण पोरीचं रडणं थांबवायचं बटण काही त्या खात्यानं दाखवलं नाही. महालक्ष्म्या होऊ दे मग ठरव, एवढंच बोललो. फोन ठेवला आणि मनाशी पक्कं केलं, की यंदा देवींपुढचा देखावा पोरीच्या जंतूचाच.

मनोहर गुरुजींनी लगेच नाक मुरडलं. त्यांचं म्हणणं, ज्याच्यावर फिनाईल ओतायचं त्याची आरास कसली? त्यांना मी समजावलं, ते तुलाही सांगतो, कारण हे मला आता तोंडपाठ आहे. जंतूला पोट नाही, फुप्फुस नाही. त्याच्या अंगाभोवती एक पातळ पापुद्रा असतो, आणि त्याचं सगळं वीजघर त्या पापुद्र्यातच बसवलेलं असतं. तिथली काही एन्झाइमं अन्नातली शक्ती वापरून हायड्रोजनचे बारके कण बाहेर ढकलतात. बाहेर गर्दी झाली की ते कण आत यायला धडपडतात. आत यायला वाट एकच, आणि त्या वाटेवर एक चाकासारखं फिरणारं एन्झाइम. धरणाच्या पाण्यानं टर्बाइन फिरावं तसं ते कणांच्या लोंढ्यानं फिरतं आणि एटीपी नावाचा माल तयार करतं. त्या मालावर जंतूचा सगळा प्रपंच चालतो. इतक्या बारक्या जिवाच्या अंगात टर्बाइन, आणि ते ओळखणारी पोर आपल्या घरची! मला अभिमान वाटतो आणि मी तो लपवत नाही.

तर थर्माकोलचा पापुद्रा केला, मधोमध वाट्या लावलेलं चाक बसवलं. कण म्हणून बगीच्यात गळून पडलेली हिरवी संत्री घेतली. (रामाकोना गावच्या एका बागवानानं पोतंभर फुकट दिली आणि वेड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.) एटीपीच्या जागी रव्याचे लाडू. संत्री बाहेरून आत येणार, चाक फिरणार, आणि एकेक लाडू देवींसमोरच्या ताटात पडणार, असा बेत. नुसत्या संत्र्यांच्या वजनानं चाक हलेना म्हणून बॅटरीवरची एक मोटर मिळवली (कुठून ते नंतर) आणि सायकलची साखळी लावून तिचा वेग कमी केला.

हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं. मी आत गेल्याचं नाटक करून दाराशीच उभा राहिलो आणि बटण दाबलं. चाक फिरलं, बायकांनी हात जोडले. तेवढ्यात आमची वंदना ओरडली, "अहो, तुमचा जंतू देवीचे लाडू गिळून राहिला ना!" बघतो तर खरंच. ताटात आधी मांडून ठेवलेले लाडू एकामागून एक चाकाच्या पोटात चालले होते आणि आत आधीच ठेवलेली संत्री चाकात बसून बाहेर जात होती. मोटरच्या तारा मी उलट जोडल्या होत्या. विजेच्या खात्यात जन्म काढलेल्या माणसानं! गुरुजी तर ओट्यावरूनच हसायला लागले, आणि नेमका त्याच वेळी वंदनाच्या मोबाइलवर शिवानीचा व्हिडिओ कॉल चालू होता.

पोर आधी खूप हसली. कित्येक महिन्यांनी हसली, ताई. मग एकदम म्हणाली, "बाबा, हात नका लावू. हे चुकलं नाही." तिनं सगळ्या बायकांना सांगितलं, की हवा मिळेनाशी झाली म्हणजे काही जंतू हे चाक खरोखर उलटं फिरवतात. जवळचा माल खर्च करून कण बाहेर ढकलत राहतात, कारण पापुद्र्याच्या दोन बाजूंमधला फरक मिटला की जंतू मेलाच. तिचा सगळा अभ्यास ह्याच उलट्या चाकावर आहे. आणि मी चार वर्षं गावभर सुलट सांगत फिरलो होतो!

तेव्हा वंदना म्हणाली, "म्हंजे कमाई बंद पडली का डब्यातलं काढून काढून घर उभं ठेवा लागते, तसंच ना व?" सगळ्या बायकांनी माना हलवल्या. शिवानीनं चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. मग म्हणाली, "समजलं तुमाले? खरंच समजलं?" आता ती अभ्यास सोडत नाही. परीक्षकांसमोर हाच देखावा मांडणार आहे.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्तू

ता.क. – भाऊजींचा पंप दुरुस्तीला टाकलेला नाही. त्याची मोटर जंतूच्या पोटात आहे.

ता.क. – ती मोटर देखाव्यासकट नागपूरला जाणार, म्हणून भाऊजींची पिकअप पुढच्या सोमवारी हवी. त्यांना आधी जेवू घाल, मग हे वाचून दाखव. शिवानी प्रबंधात मदत करणाऱ्यांचे आभार मानणार आहे. त्यात भाऊजींचं नाव माझ्या आधी घालायला मी सांगितलं आहे.

ता.क. – पिकअपमध्ये चढवताना भाऊजी तारा तपासतील, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. त्यांना बजाव, काहीही झालं तरी सुलट जोडू नका.